तयार आहे, पण कोणासाठी?

आमच्या धंद्यात ‘प्रॉडक्शन-रेडी’ हा शब्द भलताच लाडका आहे. कुठल्याही नव्या टूलची चर्चा सुरू झाली की पाचव्या मिनिटाला कोणीतरी विचारतंच, "पण हे प्रॉडक्शन-रेडी आहे का?" मग सगळे गंभीर चेहरे करून बसतात. गंमत अशी, की या प्रश्नाचं उत्तर कसं काढायचं हे कोणीच ठरवलेलं नसतं. कोणी व्हर्जन नंबर बघतं, कोणी गिटहबवरचे तारे मोजतं, कोणी "अहो, गूगल वापरतं!" म्हणून विषय संपवतं. आणि खोलीतला सगळ्यात ज्येष्ठ माणूस "सध्याचं चालतंय ना? मग कशाला हात लावायचा?" असं म्हणून चहा मागवतो.

माझी बरीच वर्षं बिल्ड आणि रिलीज याच खात्यात गेली आहेत. त्यामुळे निदान बिल्ड टूलच्या बाबतीत मला या प्रश्नावर ठाम मत आहे. आज तेच मांडते.

आधी आयटीत नसलेल्या वाचकांसाठी थोडंसं (आयटीवाल्यांनी हा परिच्छेद गाळला तरी चालेल). प्रोग्रामर लिहितो तो नुसता मजकूर असतो. तो मजकूर आणि ग्राहकाच्या मशीनवर प्रत्यक्ष चालणारी वस्तू यांच्यामध्ये बरीच कामं असतात. हजारो फाइली कंपाइल करायच्या, बाहेरच्या लायब्ररी आणायच्या, सगळं योग्य क्रमाने जोडायचं, चाचण्या चालवायच्या, पॅकेज बांधायचं. एखादी फाइल बदलली तर तिच्यावर अवलंबून असणाऱ्या तेवढ्याच फाइली पुन्हा करायच्या, बाकीच्यांना हात लावायचा नाही. हा सगळा पसारा जो सांभाळतो तो बिल्ड टूल. लग्नघरातला आचारी म्हणा ना. पाहुण्यांना तो दिसत नाही, त्याचं नावही कोणाला ठाऊक नसतं, पण त्याचा हात चुकला तर अख्खं वऱ्हाड आजारी पडतं.

म्हणूनच बिल्ड टूल निवडणं हे एडिटर निवडण्यासारखं नाही. एडिटर वाईट निघाला तर त्रास मला एकटीला होतो. बिल्ड टूल मात्र टीममधल्या प्रत्येकाचा कोड आणि प्रत्येक ग्राहक यांच्या मधोमध बसलेला असतो. आणि त्याच्या चुकीची तऱ्हाही वेगळी असते. तो बंद पडला तर काहीच नाही, दुरुस्त करता येतं. पण तो चुकला आणि तरी "झालं" म्हणाला, तर? समजा एका हेडर फाइलमध्ये कोणी एक नवं फील्ड वाढवलं. त्या हेडरवर वीस फाइली अवलंबून आहेत, पण बिल्ड टूलला त्यातल्या एकोणीसच ठाऊक आहेत. एकोणीस नव्याने कंपाइल होतात, विसावी जुन्याच मापाने राहते. बिल्ड हिरवा दिसतो. प्रोग्राम मात्र ग्राहकाकडे कधीतरी कोसळतो आणि चार जण दोन दिवस कोडमध्ये बग शोधत बसतात. कोडमध्ये बग नसतोच!

हे झालं नकळत होणाऱ्या चुकीचं. जाणूनबुजून केलेल्या उद्योगाचं उदाहरण २०२४ च्या मार्चमध्ये सगळ्या जगाने पाहिलं. लाइनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या एक्सझेड या कॉम्प्रेशन लायब्ररीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये चोरदरवाजा सापडला. तो दिसणाऱ्या सोर्स कोडमध्ये नव्हता. त्याचा ऐवज चाचण्यांसाठीच्या फाइलींमध्ये दडवलेला होता आणि तो उलगडून जोडणारी ओळ बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये होती. तीसुद्धा फक्त रिलीजसाठी बांधलेल्या गठ्ठ्यात, गिटमध्ये नाही. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसवर काम करणाऱ्या इंजिनिअरला एसएसएचने लॉगिन व्हायला साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं, आणि त्या अर्ध्या सेकंदाचा पिच्छा पुरवल्यामुळे हे सगळं उघडकीला आलं. बहुतेक डिस्ट्रिब्यूशनच्या स्थिर आवृत्त्यांमध्ये ते शिरण्याआधी सापडलं हे आपलं सगळ्यांचं नशीब. लपवणाऱ्याने जागा मात्र अचूक हेरली होती. त्याला माहीत होतं, की कोड वाचणारे थोडे असतात आणि बिल्डची स्क्रिप्ट वाचणारे जवळजवळ नसतातच.

तर पणाला एवढं लागलेलं असतं. आता आपण ठरवतो कसं ते बघू.

सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे व्हर्जन नंबर. १.० च्या आत असेल तर कच्चं, पुढे असेल तर पक्कं. ऐकायला छान वाटतं. पण मेसन नावाच्या बिल्ड टूलची गोष्ट बघा. लाइनक्सच्या पोटात बसलेला सिस्टमडी हा प्रकल्प २०१७ मध्ये जुने ऑटोटूल्स सोडून पूर्णपणे मेसनवर गेला. तेव्हा मेसनचं व्हर्जन ०.४० च्या आसपास होतं. मेसनचं १.० आलं २०२२ च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे मधली पाच वर्षं जगभरच्या लाइनक्स मशीन ज्याच्या जिवावर सुरू होत होत्या तो प्रकल्प एका ‘कच्च्या’ टूलने बांधला जात होता. आणि ठीक चालला होता!

उलट बाजूने गूगलचं बॅझल घ्या. ते २०१५ मध्ये ओपन सोर्स झालं, १.० यायला २०१९ चा ऑक्टोबर उजाडला. आता पक्कं झालं म्हणायचं ना? पण बाहेरच्या लायब्ररी कशा आणायच्या याची त्यांची मूळ पद्धत त्यानंतर सबंध बदलली. २०२३ च्या सातव्या आवृत्तीत नवी पद्धत आपोआप लागू झाली आणि २०२४ च्या आठव्या आवृत्तीत जुनी पद्धत मुळातच बंद ठेवलेली आली. मी याला दोष देत नाही. बदल आधी जाहीर केला, टप्प्याटप्प्याने केला, मध्ये वेळ दिला. माझं म्हणणं एवढंच, की १.० चा अर्थ "आता काही बदलणार नाही" असा कधीच नसतो. "बदललं तर सांगून बदलू" एवढंच ते वचन असतं, आणि ते महत्त्वाचं आहे. पण ते नंबरावरून कळत नाही. मागच्या चार-पाच आवृत्त्यांच्या रिलीज नोट्स बसून वाचल्या की कळतं. कितीदा मोडलं, सांगून मोडलं की न सांगता, आणि मोडल्यावर रस्ता दाखवला की "नवीन पद्धत वापरा" म्हणून बोळवण केली.

वेळेआधी स्वीकारल्याची किंमत फक्त घेणारा मोजतो असंही नाही. टूलसुद्धा मोजतं. सगळ्या बिल्ड टूलांचा आजोबा म्हणजे मेक. स्टुअर्ट फेल्डमन यांनी तो १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिला. मेकच्या फाइलमध्ये आज्ञेच्या ओळीची सुरुवात टॅबनेच करावी लागते, स्पेस चालत नाहीत. दिसायला दोन्ही सारखेच, त्यामुळे शिकाऊ पोरं या एका गोष्टीपायी अजूनही रडकुंडीला येतात. फेल्डमन यांनी नंतर सांगितलेली हकीकत अशी, की हे चुकलंय हे त्यांच्या लवकरच लक्षात आलं होतं. पण तोपर्यंत डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, बहुतेक मित्रच, आणि त्यांचं चालू काम बिघडवणं त्यांच्या जिवावर आलं. डझनभर लोकांची सोय पाहिली, आणि पुढची पन्नास वर्षं सगळं जग टॅब मारत बसलं. थोडक्यात काय, तर लोक वापरायला लागले की वस्तू आहे तशी गोठते. म्हणून एखाद्या टूलचा लेखक "अजून थांबा, हे बदलायचंय" असं सांगत असेल तर त्याचं ऐकावं. तो आपल्यावर उपकारच करत असतो.

दुसरी लोकप्रिय पद्धत म्हणजे मोठ्यांकडे बघणं. गूगल वापरतं, फेसबुक वापरतं, म्हणजे उत्तमच असणार. असेलही. बॅझलचा आतला अवतार, ब्लेझ, गूगलमध्ये बाहेर येण्याआधी कैक वर्षं चालत होता. पण तो कुठल्या घरात चालत होता? तिथे जवळजवळ सगळा कोड एकाच भल्यामोठ्या रिपॉझिटरीत असतो, बाहेरच्या लायब्ररींच्या प्रतीही तिथेच आणून ठेवलेल्या असतात, बिल्ड चालवायला मशीनचा तांडा असतो आणि हे सगळं सांभाळायला पगारी माणसं असतात. आपल्याकडे काय असतं? बारा जणांची टीम, त्यात बिल्डकडे बघणारी दीड माणसं, आणि ऑफिसची वेळ झाली की कासव होणारं नेटवर्क. मोठ्या बंगल्यातला झुंबर सुंदर असतो हो, पण आपल्या वन बीएचकेत लावला तर रोज कपाळाला लागतो.

कुबरनेटीजचं उदाहरण तर बोलकंच आहे. प्रकल्प गूगलमध्येच जन्मलेला. तिथे बरीच वर्षं मेकवर आधारलेला बिल्ड आणि बॅझल हे दोन्ही शेजारी शेजारी नांदत होते. २०२१ मध्ये त्यांनी बॅझल काढून टाकलं. दोन-दोन बिल्ड सांभाळायचा खर्च झेपेना, आणि गो भाषेची स्वतःची बिल्डची व्यवस्थाही तोवर चांगली सुधारली होती. आता यावरून बॅझल तयार नव्हतं असं म्हणाल का? नाही म्हणता येत. ते गूगलसाठी तयार होतं, कुबरनेटीजला त्याची गरज उरली नव्हती.

इथेच माझा मुद्दा येतो. ‘तयार’ हा गुण टूलचा नसतो. टूल आणि टीम या जोडीचा असतो. लग्नाच्या भाषेत बोलायचं तर मुलगा चांगला आहे का हा प्रश्नच अपुरा आहे. कोणासाठी, कुठल्या घरात, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नाही. आणि आपण काय करतो? कांदेपोह्यांच्या कार्यक्रमावर निर्णय घेतो! डेमो म्हणजे कांदेपोहेच. दोन फाइलींचा छोटासा प्रोजेक्ट, कोरी मशीन, टूलच्या वेबसाइटवरून उचललेलं उदाहरण. चार सेकंदांत बिल्ड, सगळ्यांच्या टाळ्या. शितावरून भाताची परीक्षा होते हे खरं, पण बिल्डचा भात बहुधा तळाशी करपतो आणि आपण शीत उचलतो वरचं.

मग मी काय बघते? वेग मी सगळ्यात शेवटी बघते. आधी टूलला मुद्दाम त्रास देऊन बघते. आमच्या खऱ्या प्रोजेक्टमधला सगळ्यात किचकट, जुना, कोणालाच न आवडणारा मॉड्यूल घ्यायचा आणि त्यावर टूल चालवायचं. चालू बिल्डमध्ये नेटवर्कची वायर काढायची. डिस्क भरून टाकायची. मधेच प्रोसेस मारायची आणि पुन्हा सुरू करायची. एका लायब्ररीचं नाव मुद्दाम चुकवायचं. आणि मग एरर मेसेज वाचायचा, तोही स्वतः नाही. गेल्याच महिन्यात रुजू झालेल्या मुलीला वाचायला द्यायचा. तिला त्यावरून काय चुकलं ते कळलं तर टूलला पहिला मार्क. शंभर ओळींचा स्टॅक ट्रेस आला आणि त्यात आपल्या फाइलचं नावच नसेल, तर वेग कितीही असो, माझ्या लेखी ते टूल अजून शाळेत आहे.

दुसरी परीक्षा खरेपणाची. तोच कोड दोन वेगळ्या मशीनवर, दोन वेगळ्या फोल्डरांत, दोन वेगळ्या दिवशी बिल्ड करायचा आणि तयार झालेल्या फाइलींचे चेकसम ताडून बघायचे. पहिल्या झटक्यात ते सहसा जुळत नाहीत. कुठे बिल्डची वेळ फाइलमध्ये घुसलेली असते, कुठे फोल्डरचा पत्ता, कुठे फाइलींचा क्रम. डेबियनचे लोक २०१३ पासून चिकाटीने याच गोष्टीमागे लागले आहेत, हजारो पॅकेजांसाठी. ते वेडे नाहीत. दोन ठिकाणी बांधलेली वस्तू बिट न् बिट सारखी निघाली तरच तुम्हाला खात्रीने म्हणता येतं, की ग्राहकाकडे गेलेली वस्तू याच कोडमधून निघाली आहे, मध्ये कोणी काही मिसळलेलं नाही. एक्सझेडच्या प्रकरणानंतर हा छांदिष्टांचा विषय राहिलेला नाही.

याच खरेपणाची एक घरगुती खूणही आहे. टीममधले लोक काही बिनसलं की आधी ‘क्लीन’ करून बिल्ड करतात का? म्हणजे आधीचं सगळं पुसून पहिल्यापासून. ही सवय बहुतेक सगळ्यांना असते आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. पण तिचा अर्थ काय होतो? तर आमचा या टूलच्या स्मरणशक्तीवर विश्वास नाही. मेक फाइल बदलली की नाही हे तिच्या वेळेच्या शिक्क्यावरून ठरवतो. सर्व्हरचं घड्याळ आणि तुमच्या मशीनचं घड्याळ जुळत नसलं की त्याचा गोंधळ उडतो. बिचारा तसा इशाराही देतो, की बाबांनो, घड्याळात फरक दिसतोय, बिल्ड अर्धवट असू शकेल. तो इशारा वाचून पुढे जाणारे कितीतरी लोक मी पाहिलेत. बॅझलसारखी टूल्स वेळ न बघता फाइलीतला मजकूर बघतात, आणि जी फाइल तुम्ही आधी जाहीर केलेली नाही ती कंपायलरला सहसा दिसूच देत नाहीत. मघाची ती विसावी फाइल आठवते? तिथे असं टूल सरळ बिल्ड थांबवेल. सुरुवातीला याचा फार राग येतो. पण वेळेवर आणि मोठ्याने चुकणं हा बिल्ड टूलचा मोठा सद्गुण आहे असं माझं मत आहे.

तिसरी परीक्षा काळाची, आणि ही जवळजवळ कोणीच घेत नाही. आज नाही, पाच वर्षांनी हा बिल्ड चालेल का? ग्राहक तीन वर्षं जुनी आवृत्ती वापरत असतो, त्यात सुरक्षेची गंभीर चूक सापडते आणि त्याच जुन्या कोडवरून पॅच काढायचा असतो. त्या दिवशी बिल्ड टूलची तीच जुनी आवृत्ती मिळेल का? ती आवृत्ती कोणती होती हे प्रोजेक्टमध्येच लिहून ठेवायची सोय आहे का? ग्रेडलमध्ये रॅपर आहे, बॅझलसाठी बॅझलिस्क आहे, ही त्यांची मोठी जमेची बाजू. पण नुसतं टूल मिळून भागत नाही, लायब्ररीही मिळायला हव्यात. अँड्रॉइडवाल्यांना जेसेंटर आठवत असेल. वर्षानुवर्षं नव्या प्रोजेक्टच्या फाइलीत ते नाव आपोआप यायचं. २०२१ च्या फेब्रुवारीत जेफ्रॉग कंपनीने बिनट्रे आणि जेसेंटर बंद करत असल्याचं जाहीर केलं. नंतर जेसेंटर निदान वाचण्यापुरतं चालू ठेवायचं त्यांनी कबूल केलं, पण तोवर जगभर धावपळ उडालेली होती. दुकान त्यांचं, ते कधीही शटर ओढू शकतात. आपल्या घरात आपला साठा असावा, आणि तो सहज ठेवता येईल अशी सोय टूलने द्यावी, ही अपेक्षा फाजील नाही.

याच परीक्षेचा एक पोटप्रश्न म्हणजे "आत काय काय आहे?" २०२१ च्या डिसेंबरमध्ये लॉगफोरजेमधलं भगदाड जाहीर झालं तेव्हा जावा वापरणाऱ्या प्रत्येक कंपनीत एकच प्रश्न होता. आपल्या प्रॉडक्टमध्ये ते आहे का, कुठलं व्हर्जन, आणि कोणाच्या पाठीवर बसून आत आलंय? मेव्हन हे तसं कंटाळवाणं टूल. पानंच्या पानं एक्सएमएल. पण डिपेन्डन्सीचा अख्खा वृक्ष दाखवणारी एक आज्ञा त्यात आहे, आणि त्या आठवड्यात तिची किंमत अनेकांना कळली. ज्यांनी जार फाइली वर्षानुवर्षं एका फोल्डरमध्ये नुसत्या टाकून ठेवल्या होत्या त्यांना हाताने शोधत बसावं लागलं.

आता शेवटची आणि माझ्या मते खरी परीक्षा. ती टूलची नसतेच, माणसांची असते.

केडीई या लाइनक्सवरच्या मोठ्या डेस्कटॉप प्रकल्पाचा किस्सा मला यासाठी फार आवडतो. त्यांचा जुना ऑटोटूल्सचा बिल्ड एवढा गुंतागुंतीचा झाला होता की तो समजणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी उरली होती. २००५ मध्ये त्यांनी स्कॉन्स या टूलवर जायचं ठरवलं. काही महिने काम झालं, पण केडीईच्या आकाराला आणि गरजांना ते पुरं पडेना. २००६ मध्ये त्यांनी दिशा बदलली आणि सीमेक घेतलं. सीमेकचे कर्ते केडीईवाल्यांच्या बरोबरीने बसले, लागेल ते टूलमध्ये घालून दिलं. जानेवारी २००८ मध्ये केडीई ४.० आलं ते सीमेकवर. आता कोणी म्हणेल, म्हणजे स्कॉन्स वाईट. तर तसंही नाही. गोडो हे आजचं लोकप्रिय गेम इंजिन स्कॉन्सनेच बांधलं जातं! तेच टूल एका घरात नांदलं नाही, दुसऱ्या घरात सुखाने नांदतंय. केडीईच्या निर्णयात टूलच्या गुणांइतकंच वजन "आपण हाक मारली तर पलीकडून कोणी ओ देतं का" याला होतं.

आणि अलीकडून कोण ओ देणार आहे? हा प्रश्न आपल्या पुण्या-बंगळूरच्या ऑफिसांत तर विचारायलाच हवा. आपल्याकडे नवं टूल आणतं कोण? बहुतेक वेळा टीममधला सगळ्यात हुशार, उत्साही मुलगा. रात्री जागून तो सगळा बिल्ड नव्याने लिहितो, सुंदर लिहितो. त्याचं कौतुक होतं, ते टूल त्याच्या बायोडेटावर चढतं आणि वर्षभरात तो दुसरीकडे जातो. जाऊ दे बापडा, त्याचा हक्कच आहे तो. पण बिल्ड मागे राहतो. मी असा एक प्रोजेक्ट जवळून पाहिलाय, जिथे असा मुलगा गेल्यानंतर दीड वर्ष त्या बिल्डच्या फाइलीला कोणी समजून हात लावला नव्हता. नवा मॉड्यूल आला की आधीच्या मॉड्यूलच्या ओळी कॉपी करायच्या, नाव बदलायचं आणि देवाचं नाव घेऊन चालवायचं. टूल उत्तमच होतं. व्हर्जन १.० च्या पुढे होतं, गिटहबवर तारे होते, सगळं होतं. पण त्या टीमसाठी ते तयार नव्हतं, कारण त्या टीममध्ये त्याच्यासाठी तयार असलेलं माणूसच उरलं नव्हतं. म्हणून माझं मत असं, की टूल तयार आहे का याचा निवाडा ते आणणाऱ्याने करू नये. ज्याला रात्री दोन वाजता फोन येणार आहे त्याने करावा.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. सगळेच असे थांबून राहिले तर नवीन काही तयार कसं होणार? सिस्टमडीने ०.४० वरचं मेसन घेतलं नसतं तर मेसन १.० पर्यंत पोचलं असतं का? खरं आहे. कोणीतरी पहिलं व्हावंच लागतं. पण पहिलं होणाऱ्याकडे तेवढी कुवत हवी. टूलच्या आत शिरून दुरुस्ती करणारी माणसं हवीत, आणि पडलो तर उठायला वेळ हवा. ज्यांच्याकडे हे आहे त्यांनी जरूर पुढे व्हावं. बँकेचं किंवा हॉस्पिटलचं सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या बारा जणांच्या टीमने हौसेपायी तो मान घेऊ नये.

आणि "चालतंय ना, मग कशाला हात लावायचा" म्हणणाऱ्या ज्येष्ठांनाही एक विनंती. वरच्या सगळ्या परीक्षा एकदा आपल्या जुन्या बिल्डलाही द्यायला लावा. दोन मशीनवर चेकसम जुळतात का? तीन वर्षांपूर्वीची आवृत्ती आज बांधता येते का? आत काय काय आहे याची यादी मिळते का? ती शेल स्क्रिप्ट अमुक एकजण रजेवर असताना चालते का? बऱ्याचदा असं दिसेल की जुनं टूलही नापासच आहे. फरक एवढाच, की त्याच्या खोड्या आपल्याला पाठ झाल्यात आणि आपण त्यांना आता खोड्या म्हणत नाही. तुलना करायची तर दोघांना एकच पेपर द्यायला हवा. जुन्याला ग्रेस मार्क देऊन पास करायचं आणि नव्याला पहिल्याच चुकीला घरी पाठवायचं, हा न्याय नव्हे.

हल्ली कोणी माझ्याकडे असा प्रस्ताव घेऊन आलं की या परीक्षांचे निकाल तर मी मागतेच, पण त्याखाली दोन गोष्टी लिहून मागते. एक म्हणजे जुना बिल्ड कुठल्या तारखेला पुसून टाकणार ती तारीख. नवा-जुना दोन्ही महिनाभर शेजारी चालवून निकाल ताडून बघणं शहाणपणाचंच, पण तारीख नसेल तर तो महिना कुबरनेटीजसारखा वर्षांवर जातो. आणि दुसरं म्हणजे टीममधल्या अशा एका माणसाची सही, ज्याने हे टूल सुचवलेलं नाही आणि ज्याने एकट्याने, कोणाला न विचारता, कोऱ्या मशीनवर मागच्या वर्षीचं रिलीज त्यातून बांधून दाखवलंय. तारीख पटकन मिळते. सही मिळायला कधीकधी दोन-तीन महिने लागतात. लागू देत. तोवर माझं उत्तर "अजून नाही" असंच असतं, मग ते टूल कोणीही वापरत असो.